हात बांधलेले मेयर

मेयर ऑर्विल स्टकी यांचं राजकारण आणि संसार एकाच वाक्यावर बिनबोभाट चालला होता: "माझी खूप इच्छा आहे हो, पण राज्य सरकारनं आमचे हात बांधलेत!" वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या चिमुकल्या गावाला 'जास्त अधिकार द्या' अशी मागणी ते दरवर्षी ठासून करत. मिळणार नाहीत याची खात्री होती ना!

यंदा राज्यानं कायदा बदलला आणि अधिकार देऊन टाकले. मेयरची झाली पंचाईत!

दुसऱ्याच सकाळी शेजारीण थेल्मा दारात हजर. "सुटले ना हात? आता तो कोंबडा हलव. पहाटे चारपासून डोकं उठवतो माझं!"

कोंबडा मेयरच्या बायकोचा, व्हर्नाचा. तिनं बेकन परतता परतता आतूनच ऐकवलं, "हलव की. मग ब्रेकफास्टही स्वतःचा स्वतःच कर."

मेयरनी घाईघाईनं राजधानीला फोन लावला. "कोंबड्यांचा अधिकार तेवढा परत घ्या हो!"

"आमची खूप इच्छा आहे," तिकडचा साहेब गोड आवाजात म्हणाला, "पण तुम्हीच आमचे हात बांधलेत ना!"

संध्याकाळी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये गावसभा. पुढच्या रांगेत एका टोकाला थेल्मा, दुसऱ्या टोकाला व्हर्ना. मेयरना घाम फुटला आणि त्या घामातच युक्ती सुचली.

"मित्रांनो, अधिकार गावापाशीच का अडावेत? ते गल्लीपर्यंत गेले पाहिजेत! प्रत्येक गल्लीनं आपले कोंबडे आपण बघावेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव तिथल्या तिथे मंजूर. मेयरच्या गल्लीत घरं दोनच, त्यांचं आणि थेल्माचं. आता भांडा म्हणावं आपापसात, असं म्हणून ते हॉलमध्येच निवांत कॉफी पीत बसले.

घरी आले, तर त्यांची लाडकी मासेमारीची बोट अंगणात पडलेली. खिडकीच्या काचेतून पाहिलं, तर कुलूप लावलेल्या बंदिस्त गॅरेजमध्ये बोटीच्या जागी कोंबडा ऐटीत फिरत होता. पायरीवर व्हर्ना आणि थेल्मा एकाच ताटलीतला ॲपल पाय खात बसल्या होत्या.

"अगं, माझी बोट! मला न विचारता?"

"गल्लीची सभा झाली," थेल्मा म्हणाली. "बहुमत होतं."

"अगं, पण बाहेर पाऊस येईल, गंजेल ती! व्हर्ना, तू तरी काही बोल!"

व्हर्नानं बोटं चाटली. "माझी खूप इच्छा आहे रे," ती म्हणाली, "पण गल्लीनं हात बांधलेत."