वेळ मिळेल तेव्हा तीन चहा

"कचरूभाऊ, तुम्हाला वेळ मिळेल तेव्हा तीन चहा आणि एक प्लेट भजी द्याल का?"

कचरूने मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. परतूर स्टेशनसमोरच्या गिरिधरशेटच्या हॉटेलात तो नऊ वर्षं चहा पोचवत होता. एवढ्या वर्षांत त्याला 'ए', 'अबे', 'इकडं मर' अशा पुष्कळ हाका आल्या होत्या. 'भाऊ' लावून कुणी बोललं नव्हतं. बोलणारे होते मिशनच्या शाळेतले शमुवेल मास्तर. सोबत त्यांच्या पत्नी मार्थाबाई आणि दवाखान्यातले दानियल कंपाउंडर. रविवारची प्रार्थना आटोपून तिघं सरळ इकडे आले होते.

कचरू सरळ माणूस. वेळ मिळेल तेव्हा म्हणाले, म्हणजे वेळ मिळेल तेव्हाच. शेजारच्या टेबलावरून सरकीचा दलाल रामकिसन ओरडला, त्याला आधी दिलं. मालमोटारीचे ड्रायव्हर ओरडले, त्यांना दिलं. ओरडणारं कुणीच उरलं नाही तेव्हा मास्तरांचा चहा निघाला. पाऊण तास झाला होता. तिघांनी हसून आभार मानले, बिल चुकतं केलं आणि निघाले. टेबल पुसायला गेला तर बशीखाली चार आणे.

कचरू तसाच फडकं घेऊन फाटकापर्यंत पळाला. "मास्तर, पैसे इसरले!"

"विसरलो नाही, कचरूभाऊ. ते तुमचे."

"माझे? कशापायी?"

"तुम्ही आमची सेवा केलीत ना!"

कचरू चार आण्यांकडे बघत परत आला. नऊ वर्षांत इतका उशिरा चहा त्याने कुणाला दिला नव्हता. मग सेवा कुठली? त्याने रामकिसनला गाठलं, कारण रामकिसनला जगातल्या सगळ्या गोष्टींची कारणं माहीत असत.

"मी ओरडतो, तू मला पटकन चहा देतो. मी कधी काही ठेवतो का?" रामकिसनने विचारलं.

"बिलकुल न्हाई."

"मंग झालं तर! त्यांना उशीरच आवडत असंल. आत्ताच देवाचं नाव घेऊन आलेली माणसं, निवांत बसावं वाटत असंल. मधीच चहा आला की मोडतंय."

कचरूला पटलं. पुढच्या रविवारी हॉटेल रिकामं होतं, तरी तो भट्टीमागे जाऊन उकिडवा बसला आणि मधूनमधून मान काढून बघत राहिला. तासाभराने चहा नेला. मार्थाबाईंनी त्याच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं आणि त्या नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या, "किती दमलेत हो बिचारे!" भट्टीशेजारी तासभर बसलं की कुणालाही घाम येतो, पण त्या दिवशी बशीखाली आठ आणे निघाले. कचरूच्या मनात शंका उरली नाही.

तिसऱ्या रविवारी मास्तरांसोबत जालन्याच्या चर्चचे पाळकसाहेब होते. पांढरी दाढी, हातात पिशवी. सव्वाबाराच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. आता मोठा माणूस आलाय म्हटल्यावर कचरूने ठरवलं, आज कमी पडू द्यायचं नाही.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मास्तर घड्याळाकडे बघत आणि कचरूशी नजर भिडली की गोड हसत. कचरूही हसे. बाराला कंपाउंडर म्हणाले, "हाक मारू का?" मास्तर म्हणाले, "नको, नको. येतील ते." सिग्नल पडला. पाळकसाहेबांनी पिशवी मांडीवर घेतली. तेवढ्यात गल्ल्यावरून गिरिधरशेट तरातरा आले.

"काय राव, तासभर झाला, नुसतं टेबल अडवून बसून राह्यलात! काही घेणार का न्हाई?"

मार्थाबाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठल्या आणि अख्ख्या स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ए कचऱ्या! चहा आण!"

चहा आला. चार कप, एका हातात, एकही थेंब न सांडता. आणि त्याच वेळी समोरून गाडी सुटली.

पाळकसाहेबांनी कप उचलला, ठेवला. मार्थाबाईंनी तोंडावर पदर धरला. "मीच ओरडले. आम्ही सगळ्यांनी प्रार्थनेत ठरवलं होतं, आपली सेवा करणाऱ्यावर आवाज चढवायचा नाही. आणि मीच..."

"पण बाई," कचरू कळवळून म्हणाला, "हे अगुदर म्हटलं असतं तर गाडी तरी गावली असती की! मी तर तुमच्यासाठी मुद्दाम भट्टीमागं बसून राह्यलो व्हतो."

"मुद्दाम?" गिरिधरशेटचा आवाज चिरकला. मग सगळं बाहेर पडलं. उशीर, आठ आणे, रामकिसनचा शोध. रामकिसन तोवर गुपचूप निघून गेला होता.

"उद्यापासून येऊ नको तू," शेट म्हणाले.

कचरूच्या हातातलं फडकं खाली पडलं. घरी बायकोला, झुंबरबाईला, काय सांगायचं, हेच आधी त्याच्या मनात आलं.

"शेटजी, थांबा," पाळकसाहेब बोलले. "गाडी माझी चुकली आणि राग मला आलेला नाही. यांनी मनापासून आमच्या सोयीचंच केलं. आम्हीच तीन रविवार त्यांच्याशी नुसतं गोड बोललो, खरं काही सांगितलं नाही. पुढची गाडी संध्याकाळी आहे. मी इथंच बसतो, चौघांचं जेवण सांगा. वाढायला मात्र कचरूभाऊच हवेत."

चौघांचं जेवण म्हटल्यावर शेटांचा राग निम्म्याने उतरला. उरलेला पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा वरण मागितलं तेव्हा गेला.

पुढच्या रविवारी मास्तर आणि मंडळी पुन्हा आली. मास्तर खुर्चीत बसले, खाकरले, कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "कचरूभाऊ, तीन चहा. जल्दी."

शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच चहा समोर. पत्तीला पाण्यात उतरायला सवडच मिळाली नव्हती. तिघांनी एकेक घोट घेतला. एकमेकांकडे पाहिलं.

"वा, छान झालाय," मास्तर म्हणाले.

कचरू हलला नाही. फडकं खांद्यावर टाकून तो तिथेच उभा राहिला. "मास्तर, देवाच्या घरून आलात ना आत्ता? मंग खरं सांगा."

मास्तरांनी कपात पाहिलं. मार्थाबाईंकडे पाहिलं. घाम पुसला.

"पाणचट आहे," ते कसेबसे म्हणाले. "अगदी गरम पाणी."

"असं बोला की!" कचरूचा चेहरा उजळला. त्याने तिन्ही कप उचलले आणि भट्टीकडे तोंड करून खणखणीत हाळी दिली, "शेट, आपल्या माणसांचा चहा हाय, नीट उकळू द्या!"