रस्त्यावर रस्ता

शेजारच्या गल्लीत, म्हणजे हेमकांतच्या गल्लीत, काँक्रीटचा रस्ता झाला त्या दिवसापासून प्रेमचंदभाऊंना जेवण गोड लागेना. नुसता रस्ता झाला असता तर एक वेळ त्यांनी सोसलंही असतं. पण नगरसेविका ममताताईंनी नारळ फोडला तो हेमकांतच्या दारात, आणि फोटोत ताईंच्या शेजारी दात काढून उभा होता तोही हेमकांतच.

तसा शहाद्याच्या त्या भागात प्रेमचंदभाऊंच्या घराचा तोरा काही औरच. त्यांचा ओटा सगळ्यांत उंच. पायऱ्या चढताना पाहुण्यांना धाप लागायची. सकाळी भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसले की येणारा-जाणारा मान वर करून रामराम घाली. हेमकांतसुद्धा. एवढ्या एका सुखावर त्यांचा दिवस जाई.

भाऊंनी ताईंचं घर गाठलं. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हनी गल्लीना रस्ता चांगला शे."

"चांगला शे, पन जुना शे. हेमकांतना नवा शे."

मार्च तोंडावर आला होता. निधी खर्ची पडला नाही तर परत जाईल, या धास्तीने पालिका मागेल त्याला रस्ता देत सुटली होती. जुना खणून काढायला सवड कुणाला? त्याच्यावरच नवा ओतला. भाऊंची खालची पायरी त्यात गडप झाली. पण नारळ त्यांच्या दारात फुटला होता, त्यामुळे पायरीचं त्यांना काहीच वाटलं नाही.

वर्षभराने हेमकांतच्या गल्लीत कडेकडेने पेव्हर ब्लॉक बसले आणि भाऊंच्या पोटात पुन्हा दुखू लागलं. कडेकडेने नको, आपल्या गल्लीत सगळ्या रस्त्यावर ब्लॉक हवेत, म्हणून ते ताईंकडे अडून बसले. सरलाबाईंनी नवऱ्याला उरलेल्या पायऱ्या दाखवल्या. "आते बस करा. आनखी भर पडनी ते घर खाले जाई." पण जळणाऱ्या माणसाला बायकोचं कधी ऐकू येतं?

भरपूर मुरूम टाकून ब्लॉक बसले. ओटा आणि रस्ता एक झाले. गल्लीतली म्हैस सरळ चालत येऊन भाऊंच्या खुर्चीला अंग घासू लागली. लोक आता मान खाली घालून रामराम करू लागले. पावसाळ्यात तर गल्लीचं पाणी थेट बैठकीत आलं.

भाऊ ते बादलीने उपसत होते, तोच दारात हेमकांत. भाऊंनी घाईघाईने बादली दाराआड सरकवली. हेमकांतचं लक्ष मात्र ब्लॉकवर होतं. तोंड एवढंसं झालं होतं.

"भाऊ, आम्हले एकच थर. तुम्हले दोन कसाकाय मिळनात?"

घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या प्रेमचंदभाऊंना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. हेमकांतच्या ओट्याच्या पायऱ्या अजून शाबूत होत्या, हे त्यांना रोज दिसत होतं.

"त्याले वळख लागस," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच ताईंना फोन लावला. "ताई, हेमकांतनी गल्लीमा बी दुसरा थर टाका. अन् जरा जाडच टाका. घरना मानूस शे."