पंखा तापतो आहे

माझ्या हातची गाठ सुटत नाही. ही फुशारकी नव्हे, नोंद आहे. कॉलेजात एन.सी.सी.त असताना मी नऊ प्रकारच्या गाठी शिकलो. त्यातल्या आठ विसरलो आणि नववी अशी पक्की झाली की ती मला स्वतःलाही सोडवता येत नाही. गॅलरीतली कपड्यांची दोरी मी एकोणीस वर्षांपूर्वी बांधली. मध्ये भिंतीचं प्लॅस्टर निघालं, दोरी जागेवर आहे. खंडेनवमीला सोसायटीच्या बोटीच्या मोटारीला हार घालायचा होता, तर फुलवाल्याचा सुती दोरा काढून टाकून झेंडू मी नायलॉनमध्ये ओवला आणि मग बांधला. फुलं दिवाळीपर्यंत वाळून पडली. गाठ कशाला पडतेय?

"तुमची एकच गाठ ढिली बसायला हवी होती," असं माझी बायको मंदाकिनी म्हणते. कोणती, ते मी विचारत नाही.

सोसायटीची बोट म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. आम्ही वारज्यात नदीकाठी राहतो. बिल्डिंगचं नाव 'सरितादर्शन'. बिल्डरने जाहिरातीत नदीचं दर्शन कबूल केलं होतं आणि तो शब्दाला जागला. धरणातून पाणी सोडलं की नदी स्वतः पार्किंगमध्ये येऊन दर्शन देते. मागच्या वर्षी ती तळमजल्यावरच्या खांबेट्यांच्या देवघरापर्यंत गेली. मग सभेत ठराव होऊन एक जुनी फायबरची बोट आणि तिच्या मागे लावायची पेट्रोलची मोटार घेण्यात आली. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, म्हणजे नद्यांचा अनुभव आहे, या आधारावर मी नौका समितीचा अध्यक्ष झालो. समितीत दुसरा सभासद नाही.

जुलैतल्या त्या मंगळवारी सकाळी नऊला मेसेज आला: विसर्ग वाढवणार, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. दुपारी दोनपर्यंत पाणी आपल्याकडे. बाकी सगळे वरच्या मजल्यांवर. प्रश्न एकट्या श्यामसुंदर खांबेट्यांचा. वय ब्याऐंशी, वजन ब्याण्णव, खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. मुलगा बंगळूरला. जाताना माझा हात धरून म्हणाला होता, "सर, बाबांकडे बघाल ना?" आणि मी म्हटलं होतं, "बोट आहे आपली."

"बोट कशाला?" मंदाकिनी म्हणाली. "लिफ्टने आपल्याकडे आणू त्यांना. चौथ्या मजल्यावर नदी येत नाही."

"आणूच. पण बोट तयार असलेली बरी. लिफ्टचा काय भरवसा?"

लिफ्ट तोवर एकोणीस वर्षांत एकदाही बंद पडली नव्हती.

वॉचमन संपतने मोटार निळ्या ड्रमातल्या पाण्यात उभी केली. सातव्या झटक्याला ती सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला जळक्या रबराचा वास आला. मी बंद केली. मोटारीच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, मधोमध एक जाड गोल भाग असतो. पुस्तकात त्याला हब म्हणतात. ड्रममधून मोटार वर उचलली, हबला तीन बोटं लावली आणि ती तिन्ही थेट तोंडात घातली.

ताप किती आहे ते मोजल्याशिवाय निदान करणं अशास्त्रीय. मी घरचा थर्मामीटर आणून हबला टेकवला. तो किंचाळला आणि त्याच्या पडद्यावर इंग्रजी एच आणि आय अशी दोन अक्षरं उमटली.

"काय म्हणतंय बघ रे. माझा चष्मा वर राहिला."

संपतने जुळवून वाचलं. "हाय."

"काय हाय?"

"ताप. ताप हाय म्हणतंय, साहेब."

मोटारीच्या पुस्तकात हब तापण्याची तीन कारणं दिली होती. एक, मागच्या दांड्याभोवती काहीतरी गुंडाळलं गेलं असेल. दोन, हबच्या आतलं रबर घसरत असेल. तीन, मोटार पाण्याबाहेर कोरडी चालवली असेल. पहिलं तपासायला पंखा उतरवावा लागतो. तो न उतरवता मी वाकून पाहिलं, काही दिसलं नाही. दुसरं माझ्या डोक्यावरून गेलं. तिसरं मी संपतच्या डोक्यावर मारलं.

"दर महिन्याला चालवून बघ म्हटलं होतं तुला. कोरडीच चालवलीस ना?"

"एकदा बी चालवली न्हाई, साहेब."

"खोटं बोलू नकोस."

"चालवली असती तर सात झटकं लागलं असतं व्हय?"

मी आवाज चढवला.

अकरा वाजले. मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'पंखा तापतो आहे. जळका वास येतो. जवळ जाऊ नये. जाणकारांनी त्वरित संपर्क साधावा.' नावाडी लोक प्रोपेलरला पंखाच म्हणतात, हे मला माहीत होतं. आपल्या सोसायटीत नावाडी कोणी नाहीत, हे लक्षात राहिलं नाही.

उत्तरं धडाधड आली. 'कपॅसिटर बदला.' 'आमचा तर नुसता आवाजच करतो.' 'बेडरूममधला की हॉलमधला?' पहिल्या मजल्यावरचे श्रीनिवास ओगले मात्र निवृत्त वीज अभियंता. ते एक अक्षर न लिहिता खाली उतरले, मीटरच्या खोलीत शिरले आणि त्यांनी अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच खाली ओढला. मग लिहिलं: 'आगीचा धोका टळला आहे.'

मी धावत गेलो. "अहो ओगले, चालू करा. तो पंखा बोटीचा आहे."

"बोटीत पंखा? नदीवर वारा नसतो का?"

"चालू करा आधी. लिफ्ट बंद पडलीय."

ओगल्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. उंबऱ्यावरून पाण्याची एक पातळ जीभ वेळेआधीच आत येत होती. "आता नाही," ते म्हणाले. "मीटरच्या खोलीत पाणी असताना मेनला हात लावायचा नसतो. आम्हीच काढलेलं परिपत्रक आहे."

खांबेट्यांना जिन्याने उचलून न्यायचं तर फार तर पहिला मजला. म्हणजे ओगल्यांचं घर. ओगल्यांच्या कुंड्यांचं पाणी खांबेट्यांच्या पापडांवर पडलं, त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. तरी मी हा बेत खांबेट्यांच्या कानावर घातला.

"ओगल्यांकडे?" ते शांतपणे म्हणाले. "त्यापेक्षा मी नदीकडे जातो. तिच्याशी माझं काही वाकडं नाही."

"अहो काका, पाणी आलंय दारात."

"मग बोट काढा की. तुम्ही माझ्या मुलाला सांगितलंत ना, बोट आहे म्हणून?"

शेवटी मच्छिंद्रला फोन लावला. हा खडकवासल्याच्या बाजूला मासेमारी करतो आणि मोटारी दुरुस्त करतो.

"मच्छिंद्र, पंखा तापतोय. बोटीचा."

"बोटीचाच असणार, सायेब. घरच्या पंख्याला मला कोण बोलावतंय?"

तो येईपर्यंत पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. बोट जमिनीवरून सुटून डुलायला लागली. ती एकटीच निघून गेली तर खांबेट्यांच्या मुलाला काय तोंड दाखवू, या काळजीने मी ती नायलॉनच्या दोराने लोखंडी सरकत्या गेटला बांधली. माझ्या पद्धतीने.

मच्छिंद्र प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पाने आणि एक पक्कड घेऊन पाण्यातून चालत आला. पंख्याची पिन काढली, नट फिरवला, पंखा ओढून बाहेर घेतला. मागच्या दांड्याला काळपट, वितळलेलं कडं घट्ट बसलं होतं. त्याने पक्कड लावून ओढलं. हातभर नायलॉनचा दोरा आला. त्याच्या टोकाला झेंडूचं वाळकं देठ होतं.

"हार दिसतोय," मच्छिंद्र म्हणाला. "पंख्याला हार कुणी घातला वो? मोटार फिरली की हा आत घुसणार आन् घासून तापणारच की."

संपत नदीकडे पाहू लागला.

"दोरा जळाला, पर गाठ बघा. एक नंबर हाय. आमच्या पोरास्नी बी जमायची न्हाई अशी. कुणाची म्हणायची?"

"ओळखीची आहे," मंदाकिनी जिन्यावरून म्हणाली. "मी तेवीस वर्षं सोडवतेय."

मी संपतजवळ सरकलो. "संपत, मघाशी मी जे बोललो ते..."

"ऱ्हाऊ द्या साहेब. पाणी वाढाय लागलंय."

पाणी गुडघ्याला लागलं. वरच्या कोरड्या रस्त्यापर्यंत न्यायचं म्हणून खांबेट्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून आम्ही बोटीत ठेवलं. हातात छत्री, मांडीवर औषधांचा डबा आणि ताम्हनात देव. मच्छिंद्रने मोटार सुरू केली. वास नाही, धूर नाही. प्रत्येक गॅलरीतून टाळ्या पडल्या. बोट ऐटीत चार फूट गेली आणि थांबली.

मच्छिंद्रने जोर वाढवला. गेट सरकत सरकत बोटीच्या मागे आलं. जोर कमी केला, गेट परत गेलं. बोट पुढे, गेट पुढे. बोट मागे, गेट मागे. मग सगळ्यांचं लक्ष दोराकडे गेलं, आणि दोरावरून माझ्याकडे.

मी गाठीला हात घातला. ओली होऊन ती आवळली होती. मच्छिंद्रने दात लावून पाहिले. पक्कड लावली. शेवटी म्हणाला, "कोयता आणा." संपत कोयता शोधायला गेला.

"निघालो का आपण?" खांबेट्यांनी छत्रीतून विचारलं.

"निघतोच आहोत, काका."

"मला मघापासून आपलंच गेट दिसतंय."

कोयता मिळायला अर्धा तास गेला. तेवढ्यात विसर्ग कमी झाल्याचा मेसेज आला, आणि पाणी आलं तसं निघून गेलं. दोर तुटला तेव्हा बोट फरशीवर बसली होती, खर्रकन आवाज करून. संध्याकाळी पाणी पुन्हा सोडणार होते. मी कपाळाला हात लावून उभा राहिलो.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ओगले खाली वाकले.

"श्यामराव, चहा टाकतोय."

खांबेट्यांनी छत्री मिटली आणि वर पाहिलं.

"कुंड्या आहेत का अजून?"

"नाहीत. मागेच काढल्या."

"साखर अर्धा चमचा," खांबेटे म्हणाले.

मच्छिंद्र आणि संपतने खुर्ची उचलली आणि दोन मिनिटांत त्यांना वर पोचवलं. जिन्यात छत्री धरून चालण्याचं काम माझ्याकडे आलं.

रात्री मुलाचा फोन आला. "सर, बाबा बोटीत बसले म्हणे. कुठपर्यंत गेलात?"

"गेटपर्यंत," मी म्हणालो. खोटं मला बोलता येत नाही.

दोर तुटला, पण गाठ अजून गेटवर आहे. तिच्यामुळे गेट पूर्ण बंद होत नाही, वीतभर फट राहते. पुढच्या खंडेनवमीला संपतने बोटीच्या मोटारीला हार घातला. मी जरा लांबच उभा होतो, हात मागे बांधून. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच सांगितलं,

"सुती हाय, साहेब."