गळका हेडफोन

शरच्चंद्र परांजप्यांचा एक दावा होता आणि तो ते भेटेल त्याला ऐकवत: "चौतीस वर्षांच्या संसारात आमच्या घरातला आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही."

दावा खोटा नव्हता. त्यांच्याकडे मिक्सरसुद्धा खिडक्या लावून, खाली टॉवेलची घडी घालून फिरवत. नारायण पेठेतल्या 'शांतिसदन' नावाच्या इमारतीचे ते एकोणीस वर्षं चिटणीस होते आणि ते नाव त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. कोणाकडे पाळणा कुरकुरला तर बारशाआधी तेलाची बुधली घेऊन हजर. जिन्याखाली खिळ्याला एक तक्रारवही टांगलेली असे. तीत तीन रकाने: तारीख, तक्रार, कार्यवाही. तिसरा रकाना चिटणीस दर रविवारी स्वतः भरत, हिरव्या शाईने.

अशा माणसाची बायको गाणारी निघावी, हा नियतीचा निव्वळ वात्रटपणा. आनंदीबाई मैफली वगैरे करत नसत. दुपारी ओटा आवरला की इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून तासभर गात, एवढंच. पहिला आलाप जरा रंगात आला की गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीतून, शब्दकोड्यावरची नजर न काढता, शरच्चंद्र म्हणत, "आनंदी, दार लाव. लोक तक्रार करतील."

दार लागायचं. पुढचं गाणं दाराच्या आत व्हायचं.

गेल्या ज्येष्ठात आनंदीबाई गेल्या. तीन आठवड्यांत, फारसा आवाज न करता.

वर्षश्राद्ध अकरा दिवसांवर आलं तेव्हा कपाटात त्यांच्या साड्यांखाली एक कॅसेट सापडली. वर त्यांच्या अक्षरात 'भीमपलास, घरी'. त्यांच्या गाण्याची जगात तेवढी एकच खूण होती. शरच्चंद्रांनी ठरवलं: वर्षश्राद्धाला जेवणाआधी हे सगळ्यांना ऐकवायचं. पण नीट करून. टेपवर घरघर होती, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होती आणि मध्येच एक माणूस ओरडत होता. तो माणूस त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

वरच्या मजल्यावर वल्लरी राहायची. जाहिरातींना संगीत देऊन पोट भरणारी, तिशीची, स्पष्टवक्ती मुलगी. तिने कॅसेट लॅपटॉपवर उतरवून दिली, नको ते आवाज कापायचे कसे ते शिकवलं आणि म्हणाली, "काका, हे मोबाइलबरोबर आलेल्या बोंडांनी नाही जमायचं. हेडफोन घ्या. ओपन-बॅक."

"म्हणजे?"

"मागून उघडा. बंद हेडफोनमध्ये आवाज डब्यात भरल्यासारखा होतो, खर्ज उगाच फुगतो. ओपन-बॅकमध्ये गाणारा माणूस डोक्यात बसत नाही, समोर खोलीत बसतो. एडिटिंगला बरा आणि नुसतं ऐकायलाही. कानही उकडत नाहीत. फक्त थोडं लीक होतं हं."

'लीक' हा शब्द चिटणिसांच्या आयुष्यात एकाच अर्थाने आला होता. गच्चीच्या गळतीत त्यांची सहा वर्षं गेली होती.

"नळाजवळ नेणार नाही," ते म्हणाले.

वल्लरी हसली. तिला वाटलं, काका विनोद करतायत. पुण्यात हा धोका नेहमीच असतो.

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने आठ हेडफोन समोर मांडले. पहिला घातल्यावर कोणी छातीवर जातं चालवतंय असं वाटलं. दुसऱ्यात प्रत्येक 'स' दातांच्या डॉक्टरच्या ड्रिलसारखा शिरत होता. तिसरा इतका आवळ की शरच्चंद्रांना सासरे आठवले.

"गाणं कुठलं ऐकता, आजोबा?"

"बायकोचं."

"नाही, म्हणजे प्रकार कुठला?"

"सांगितलं की."

दुकानदाराने पाचवा दिला. हलका, मखमली उशीचा. बाहेरच्या बाजूला नुसती जाळी. शरच्चंद्रांनी तो उलटापालटा केला. "याचं मागचं झाकण बसवायचं राहिलंय."

"तो तसाच असतो."

"उघडा?"

"उघडाच."

"उघड्याचे पैसे कमी घेता का?"

"जास्त," दुकानदार म्हणाला. तोही पुण्याचाच होता.

त्यांनी हेडफोन कानाला लावला, मोबाइलमध्ये भरून आणलेला भीमपलास सुरू केला आणि गल्लीतली सगळी वर्दळ जणू दोन पावलं मागे सरली. समोर, काउंटरच्या पलीकडे, साधारण हातभर अंतरावर आनंदी श्वास घेत होती. शरच्चंद्रांनी पैसे दिले आणि परत आलेली मोड मोजलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी गॅलरीत वेताची खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, कानांवर हेडफोन. डावा कान जरा जड असल्यामुळे आवाज शेवटपर्यंत वाढवलेला. हेडफोन आहे म्हणजे ऐकणारे आपण एकटे, यात शंका घेण्याचं कारणच नव्हतं.

घरघर काढली. शिट्टी काढली. मग आला तो माणूस. "आनंदी, दार लाव." त्याला कापायचं तर सुरुवात-शेवट नेमका सापडायला हवा, म्हणून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावावा लागे. आणि तिथेच, या हेडफोनमध्ये, त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं. ओरडण्याच्या मागे आलाप तुटतो. बांगड्या वाजतात. आणि एक अगदी हलका शब्द: "लावते."

चौतीस वर्षांत ती असं काही उत्तर देते हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या बाजूने ते वाक्य 'करतील'पाशी संपायचं.

खरं सांगायचं तर कापण्याचं काम पाच मिनिटांचं होतं. पण शरच्चंद्र चार दिवस तोच तुकडा लावत होते.

आता शेजारच्या गॅलरीतून हे कसं ऐकू येत असेल, याचा विचार करा. मध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडे रंगनाथ आपटे, वय एकाहत्तर, श्रवणशक्ती वटवाघळाची. टळटळीत दुपार, इमारत चिडीचूप. आणि जाळीतून गळणारा बारीक, पत्र्यासारखा आवाज: आनंदी, दार लाव. आनंदी, दार लाव. आनंदी, दार लाव. दीड तास.

पहिल्या दिवशी रंगनाथरावांनी कानात तेल घातलं. दुसऱ्या दिवशी वहीत तक्रार लिहिली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरून न मागता मुगाची खिचडी आली. "सून म्हणाली, हलकं खायला द्या," रंगनाथराव चाचरत म्हणाले आणि दाराकडे बघत, दाराला हात न लावता, उलट्या पावली गेले. श्राद्ध जवळ आलं की लोक हळवे होतात, असा शरच्चंद्रांनी अर्थ लावला आणि खिचडी खाल्ली.

चौथ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर आम्रपाली आल्या. त्या मनोविकारतज्ज्ञ. सहज आल्यासारख्या बसल्या.

"दुपारी काय करता, परांजपे?"

"आनंदीला ऐकतो."

"रोज?"

"दीड तास."

"काय म्हणतात त्या?"

"ती कुठे काय म्हणते? ती गाते. मीच मध्ये मध्ये येतो. म्हणून काढून टाकायचंय."

"कोणाला?"

"मला," शरच्चंद्र म्हणाले. "वर्षश्राद्धाच्या आत."

डॉक्टरीणबाईंनी चहा अर्धा ठेवला. जिन्यात जाऊन त्यांनी आधी रंगनाथरावांना नजर ठेवायला सांगितलं आणि मग शरच्चंद्रांच्या मुलीला, ऋचाला, बाणेरला फोन लावला.

दुपारी ऋचा रिक्षातून उतरली तेव्हा तिचे चार फोन बाबांनी उचलले नव्हते. दाराला आतून कडी. तिने घंटा वाजवली.

हेडफोन मागून उघडा असला की आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचा आतही येतो, हे शरच्चंद्रांना माहीत नव्हतं. त्यांना टेपवर घंटा ऐकू आली. कालपर्यंत नव्हती. त्यांनी कपाळाला आठी घातली, टेप मागे घेतली आणि घंटा शोधायला लागले. मग टेपवर कोणी दार बडवायला लागलं. मग त्यांचीच मुलगी "बाबा, बाबा" म्हणून रडायला लागली. कॅसेट बरीच खराब झालेली दिसतेय, असं पुटपुटत त्यांनी आवाजाची पट्टी डोळ्यांजवळ नेली.

शेवटी रंगनाथरावांनी स्टुलावर चढून गॅलरीच्या भिंतीवरून पाय टाकला. एक पाय आला. दुसरा आला नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस लेंग्यानिशी भिंतीवर घोडेस्वारासारखा अडकला आणि त्याने हाताला आलं ते ओढलं. तो हेडफोन होता.

"शरदराव, असं काही करू नका हो."

"कसं?"

"तुम्ही स्वतःला काढून टाकणार म्हणे."

"टेपवरून," शरच्चंद्र म्हणाले. "तुम्ही आमच्या भिंतीवर काय करताय?"

दार उघडलं. ऋचा येऊन बापाच्या गळ्यात पडली आणि मग, तो धडधाकट आहे हे कळल्यावर, त्याच्यावर चिडली. गोंधळ ऐकून खाली आलेल्या वल्लरीने डॉक्टरीणबाईंच्या मदतीने आधी रंगनाथराव सोडवले आणि मग सगळा उलगडा केला. "काका, लीक म्हणजे आवाज गळतो. मी सांगितलं होतं तुम्हाला."

शरच्चंद्रांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं उंबऱ्याआत ठेवलेला आवाज. "म्हणजे हे सगळं लोकांनी ऐकलं?"

"तुमचं ऐकलं," रंगनाथराव गुडघा चोळत म्हणाले. "वहिनींचं जरासंच. आता लावा की पुढचं."

हेडफोन टिपॉयवर ठेवला. सगळे वाकून बसले. आलाप आला, चार मिनिटं, हातभर अंतरावर बसल्यासारखा. मग "आनंदी, दार लाव". बांगड्या. "लावते." आणि दार लागल्याचा आवाज. त्यापुढे गाणं होतं, चाळीस मिनिटं होतं. पण टेपरेकॉर्डर दाराबाहेर राहिलेला, त्यामुळे भिंतीपलीकडून यावं तसं, मंद, गोधडीत गुंडाळलेलं.

"वल्लरी, हे पुढचं मोकळं करून दे," शरच्चंद्र म्हणाले. "मला तू कापशील, ते जमेल. हे दार काढ."

वल्लरीने लॅपटॉपकडे पाहिलं. "शिट्टी निघते, काका. माणूस निघतो. दार नाही निघत. ते सगळ्या गाण्यावर आहे."

ऋचाने आईच्या तंबोऱ्यावरची धूळ उगाच पदराने पुसली.

"लोकांनी तक्रार केली असती," शरच्चंद्र स्वतःशीच म्हणाले.

"कोणत्या लोकांनी?" रंगनाथराव म्हणाले. "एकोणीस वर्षांत तुमच्या त्या वहीत गाण्याची एक तक्रार दाखवा. अहो, आम्ही दोघं जेवण लवकर उरकून गॅलरीत येऊन बसायचो. चार मिनिटं मिळायची. दार लागलं की आत जाऊन झोपायचो."

संध्याकाळी सगळे गेल्यावर शरच्चंद्र जिन्याखाली गेले. रविवार नव्हता, तरी गेले. खिळ्यावरची वही काढली. शेवटची नोंद रंगनाथरावांच्या किरट्या अक्षरात होती:

'फ्लॅट क्र. ५ मधून दुपारी बाईंचे गाणे व पुरुषाचे ओरडणे ऐकू येते. पैकी ओरडणे बंद करावे. गाणे चालू ठेवावे.'

तिसरा रकाना कोरा होता. त्यांनी हिरवं पेन काढलं, जिन्याच्या कठड्यावर वही टेकवली आणि नियमाप्रमाणे भरला:

'कार्यवाही: केली. विलंबाबद्दल दिलगीर आहोत. — चिटणीस.'