शेपूट बांधण्याचा नियम

विजेच्या बाबतीत मनुष्यप्राण्याच्या दोनच जाती आहेत: बिल भरणारे आणि आभाळाकडे बघणारे. आमच्या हेलसे बेटावर सगळे दुसऱ्या जातीचे. स्कॉटलंडच्या वीज कंपनीने बारा वर्षांपूर्वी खांब कुठे रोवायचे ते पाहायला एक साहेब पाठवला होता. त्याला येताना बोट लागली, जाताना बोट लागली, आणि कंपनीचं आमच्यावरून मन उडालं.

तेव्हापासून बेटावरच्या चौदा घरांना चौदा पवनचक्क्या आहेत. त्या सगळ्या तोर्मोद मॅकलिननने उभ्या केल्या. लाकडाची पाती स्वतः तासली, मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग वापरले, आणि प्रत्येक घरी बॅटऱ्यांची रांग लावून दिली. आम्ही आता कोणाचे मिंधे नाही. कपडे कधी धुवायचे, पाव कधी भाजायचा, आंघोळ कधी करायची हे वारा सांगतो आणि आम्ही मुकाट्याने ऐकतो. (वारा ही कंपनी नसल्यामुळे याला गुलामी म्हणत नाहीत.)

अडचण एकच होती, ती म्हणजे रविवार.

शब्बाथाच्या दिवशी हेलसेवर कोणी काम करत नाही. बटाटे शनिवारीच सोलून होतात, सरपण आत येतं, मुलांचे झोपाळे साखळीने बांधतात, आणि कोंबड्याला टोपलीखाली झाकतात. (तो मंडळीचा सभासद नाही, पण राहतो तर आमच्यातच.) मग चक्की रविवारी फिरली तर ते काम धरायचं की नाही? या प्रश्नावर चर्चच्या पंचांमधले सर्वांत ज्येष्ठ, फिनले मॅकॅस्किल, यांनी सलग तीन हिवाळे विचार केला आणि निकाल दिला: धरायचं.

म्हणून दर शनिवारी संध्याकाळी प्रत्येक घरचा माणूस खांबापाशी जाऊन चक्कीच्या शेपटीचा दोर खाली ओढतो आणि खुंटीला बांधतो. शेपूट दुमडली की चक्की वाऱ्याकडे पाठ फिरवून गप्प उभी राहते. सोमवारी दोर सोडतात. निकालाला एकच पोटकलम आहे: दोर आपोआप तुटला, तर त्यात माणसाचा हात नाही. तुटलेला दोर रविवारी पुन्हा बांधणं मात्र काम आहे, म्हणून चक्की फिरत राहील आणि मंडळी ते सोसतील. हे पोटकलम वादळासाठी होतं.

बेटावरचं एकमेव दुकान माझं असल्यामुळे पुढची आकडेवारी माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. पहिल्या वर्षी मी चौदा जाड दोर विकले आणि वर्षभरात एक तुटला. तो फिनलेसाहेबांचा होता, आणि त्या रविवारी त्यांच्याकडे गरम पाणी होतं. दुसऱ्या वर्षी दोर कोणी मागितला नाही. लोक पार्सल बांधायची सुतळी मागू लागले. पाचव्या वर्षापर्यंत तेरा घरांची सुतळी दर रविवारी न चुकता तुटू लागली. सुरुवातीला तिला तुटायला वादळ लागायचं, मग बरा वारा पुरू लागला. दोनदा ती वारा नसताना तुटली, आणि एकदा (हे माझ्याच घरी) बांधायच्या आधी. बेटाची धार्मिक स्थिती इतकी उत्तम पूर्वी कधीच नव्हती.

चौदावं घर तोर्मोदचं. तो पहिल्या वर्षीचाच जाड दोर वापरायचा आणि गाठ अशी मारायचा की सोमवारी त्याची त्यालाच ती सुटायची नाही. चर्चमधून बाहेर पडलं की टेकडीवर तेरा चक्क्या भिरभिरताना दिसायच्या आणि मध्ये ही एक, शेपूट दुमडून उभी. बघणाऱ्याला उगाच अपमान झाल्यासारखं वाटायचं. नियम मोडणारा माणूस समाजाला पचतो. पाळणाऱ्याचं काय करायचं याची कुठेच सोय नसते.

गेल्या ऑगस्टमध्ये तोर्मोदच्या मुलीचं, मार्सलीचं, लग्न बुधवारी ठरलं. नवऱ्याकडची साठ माणसं बोटीने यायची होती. तोर्मोदची बायको शोनाग हिने त्यांच्यासाठी तीन मेंढ्यांचं मटण फ्रीझरमध्ये रचून ठेवलं होतं. आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी, वारा पडला. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, शुक्रवारी तर समुद्र ताटातल्या पेजेसारखा सपाट. चौदाही घरांच्या बॅटऱ्या तळाला गेल्या. शनिवारी रेडिओवर सांगितलं की उद्या पहाटेपासून जोराचा वारा सुटणार आणि सोमवारी सकाळी पुन्हा पडणार.

शनिवारी दुपारी शोनाग दुकानात आली. सात वर्षांत तिच्या घरून कोणी सुतळी मागितली नव्हती. तिने चार मीटर मागितली, मी सहा दिली आणि पैसे घेतले नाहीत. मला अगदी मनापासून बरं वाटलं.

घरी काय झालं ते तिनेच नंतर सांगितलं. तिने सुतळी टेबलावर ठेवली. तोर्मोदने ती बोटांत धरून पाहिली, नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"तुटली तर तुटली," तो म्हणाला. "पण तुटावी म्हणून मी बांधणार नाही."

"आणि मटण?"

"मटणासाठी मी प्रार्थना करीन."

"प्रार्थना मीही करते की," शोनाग म्हणाली. "पण मी तिला जरा जागा ठेवते."

त्याने जाड दोरच बांधला.

रविवारी वारा असा सुटला की चर्चच्या छपरावरची कौलं बोलू लागली. प्रवचन ऐकून बाहेर आलो, तर तेरा चक्क्या नुसत्या गरगरत होत्या. तेरा घरांत फ्रीझर घुमत होते, पाणी तापत होतं, आणि यातलं काहीही कोणी सुरू केलेलं नव्हतं. चौदावी चक्की उभी होती. फिनलेसाहेबांनी तोर्मोदला चर्चच्या फाटकापाशी थांबवलं.

"तोर्मोद, हा अहंकार बरा नव्हे रे."

"मी फक्त गाठ मारली, फिनलेकाका. तुमच्याच निकालाप्रमाणे."

"ते खरं. पण इतकी घट्ट?"

शोनाग मध्ये पडली. तिला वादात रस नव्हता. तिने एवढंच विचारलं की तेरा घरी फ्रीझर गार झालेत, तर तिचं मटण आजच्या दिवस तिथे ठेवू द्याल का. सगळ्यांनी एका तोंडाने हो म्हटलं. आमच्यासारखे शेजारी शोधून सापडायचे नाहीत. फक्त प्रश्न असा आला की ते उचलून न्यायचं कोणी. तीन मेंढ्यांचं वजन म्हणजे ओझं, आणि ओझं वाहणं म्हणजे काम. फिनलेसाहेबांनी तिथल्या तिथे शास्त्रार्थ केला. खड्ड्यात पडलेलं मेंढरू रविवारी बाहेर काढायला आपल्यात मुभा आहे, आणि फ्रीझर हा एक प्रकारचा खड्डाच. पण ती मुभा जिवंत मेंढराला. ही तिन्ही मे महिन्यातच गेलेली.

मग आम्ही सगळे तोर्मोदच्या घरी गेलो आणि फ्रीझरभोवती उभे राहिलो. झाकणाखालून पाणी पाझरत होतं. शोनागने खाली फडकं टाकलं. ते पिळू नये असं कोणीतरी हळूच सुचवलं. इतक्या लोकांना इतकं मनापासून हळहळताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाचच्या सुमाराला चहाची वेळ झाली तसे आम्ही आपापल्या घरी गेलो. माझ्याकडे केकही गरम होता.

सोमवारी उजाडताच सगळा गाव ढकलगाड्या घेऊन हजर. तोपर्यंत मटणात फक्त कुत्र्यांना रस उरला होता.

लग्नात खारवलेले हेरिंग मासे आणि उकडलेले बटाटे झाले. नवऱ्याच्या आईने दोनदा विचारलं की पुढचं जेवण कधी येणार. शोनाग सगळ्यांशी हसून बोलली, तोर्मोद सोडून. नाच सुरू झाला तेव्हा मार्सली बापापाशी येऊन बसली. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं.

"एक सैल गाठ, बाबा," ती म्हणाली. "आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी तुमच्याकडे."

चौदा घरांना उजेड देणारा माणूस, आपल्या ताटातल्या काट्यांकडे बघत बसला.

त्या शनिवारी तो दुकानात आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "चार मीटर." मग जरा थांबून, "तू कोणती वापरतोस?" मी दाखवली. त्याने ती ओढून पाहिली, आणि ती लगेच तुटली. "चांगली आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चौदाही चक्क्या फिरल्या. पाळकसाहेबांनी एकोप्यावर प्रवचन दिलं, फिनलेसाहेबांनी तोर्मोदचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला, आणि शोनागने त्याला चहा दिला. आमच्या बेटाच्या इतिहासातला तो सर्वांत सुखाचा रविवार असल्याची नोंद चर्चच्या वहीत आहे. मलाही आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर टेकडीकडे मान वर करून बघवेना.

तुम्ही एव्हाना तोर्मोदच्या बाजूचे झाला असाल. वाचणारे सगळे होतात. त्या रविवारी फ्रीझरभोवती हळहळताना आम्हीही होतोच. त्याचा तो जाड दोर त्याने परत आणून दिला आहे, एकही धागा निघालेला नाही, आणि तुम्हाला हवा असेल तर फुकट देईन. पण मी बरीच वर्षं दुकानात बसतो, गिऱ्हाईक दारात आलं की कळतं मला. तुमची सुतळी मी कापूनच ठेवली आहे.