मालक बदलायचा तर जिना चढा

आमच्या सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणारे शिकलगार एकदा दारात टेकवलेली छत्री बघत पावसात भिजत उभे राहिले, कारण छत्री कुणाची ते कळेना. मी डब्यातलं लोणचं पुढं केलं तरी त्यांचं ठरलेलं, "आदी सांगा, मालक कोन?" लोणचं बायकोनं घातलंय म्हटलं, तर म्हणाले, तिला विचारून उद्या द्या. आता घ्या!

ही खोड त्यांना सर्व्हरनं, म्हणजे कॉलेजच्या सगळ्या फाईली ठेवणाऱ्या कॉम्प्युटरनं लावली. कॉलेजात इंटरनेट नुकतंच आलेलं. मी ऑफिसातला क्लार्क, नोटिसा वेबपेजवरून चढवायचो. पण चढवली की फाईल सर्व्हरच्या नावावर जायची, आणि दुसऱ्या दिवशी चूक सापडली तर मला तिला हात लावता येत नसे. आधी मालक बदलायला हवा. त्यासाठी शिकलगारांनी पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक वेबपेज लिहिलं होतं. फाईलचं नाव टाका, बटण दाबा, फाईल तुमची.

ती कधीच माझी झाली नाही. दरवेळी 'परवानगी नाही' असं यायचं आणि मी गुडघे धरत तीन मजले चढून शिकलगारांच्या खोलीत जायचो. मालक बदलायचा अधिकार सर्व्हरवरच्या फक्त त्यांच्या खात्याला. एक ओळ टाईप केली की काम व्हायचं, पण आल्याचा चहा व्हायला अर्धा तास. "बसा की भाऊसाहेब, फाईल काय पळून चाललीय व्हय?" मग त्यांचं आटपाडीचं गाव, तिथली डाळिंबं, सगळं निघायचं. घरच्यांचं विचारलं की मात्र ते स्टोव्हला पंप मारत बसायचे. एकटेच राहायचे ते, खोली भाड्यानं घेऊन.

एकदा पुण्याहून दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरनं मला उपाय सांगितला. पानानं नुसती नोंद करायची आणि शिकलगारांच्या खात्यातून दर पाच मिनिटांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, आपोआप चालवायची, ती मालक बदलेल. दहा ओळींचं काम. चिठ्ठी घेऊन मी मोठ्या तोऱ्यात वर गेलो.

शिकलगारांनी ती वाचली. त्यांनी पडद्यावर एक फाईल उघडली. त्याच दहा ओळी. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

"मग चालवली का नाही?"

"चालवली आसती," ते कप पुसत हळूच म्हणाले, "तर तुमी कशाला वर आला आसता, भाऊसाहेब?"

दोन वर्षं मी त्या जिन्याला शिव्या घालत होतो. चिठ्ठी मी खिशात कोंबली आणि अजून अर्धा कप मागितला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या नोटिशीत मी मुद्दाम वार चुकवला, आणि गुडघे चोळत जिना चढलो.