गंगाबाईंचं गाव कळंबोली

यादी छापून झाली, ती घेऊन पेशंटांना आणायला जीप निघूनही गेली, आणि मग कीर्तीने ती नीट वाचली. शहाणी माणसं असंच करतात. गोष्ट १९९४ सालची. पनवेलच्या लाइन आळीत ती कॉम्प्युटर क्लास घ्यायची. मोतीबिंदूच्या शिबिरासाठी पेशंटांची गाववार यादी काढणारा सी प्रोग्रॅम तिने हौसेने लिहून दिला होता. यादीत आलं होतं: गंगाबाई कोळी जासई, गाव कळंबोली.

“कृष्णकांत, ही बाई जासईची ना?” तिने फॉर्म भरणाऱ्या कारकुनाला विचारलं.

“जासईचीच. एक डोळा गेलाय, दुसराही चाललाय. नवऱ्याचं नाव विचारलं तर तोंडाला पदर लावून हसत बसली. त्यांच्यात घेत नाहीत. मग मी ते सोडून दिलं.”

कीर्तीच्या प्रोग्रॅममधलं एसस्कॅनएफ फंक्शन ओळीतले शब्द सुटे करून चार डब्यांत टाकायचं: नाव, मधलं नाव, आडनाव, गाव. इथे शब्द तीनच. आडनाव मधल्या नावात गेलं, गाव आडनावात, आणि चौथ्या डब्यात आधीच्या पेशंटचं कळंबोली तसंच राहिलं. किती डबे भरले हे फंक्शन आपणहून सांगतं, फक्त ऐकून घ्यावं लागतं. पोरांना हे रोज बजावणारी बाई स्वतःच विसरली होती.

डॉक्टर चारला परतणार, पुढचं शिबिर वर्षाने. आपल्यापायी म्हातारी आंधळी होणार, या विचाराने कीर्तीला जेवणाचा घास गिळवेना.

दोनला जीप शिबिरात परत आली. ड्रायव्हर दत्ताने आधी मासळीची टोपली उतरवली, मग गंगाबाईंना.

“कळंबोलीला लोखंडबाजारासमोर बसल्या होत्या,” तो म्हणाला. “नाव पुकारलं तर टोपलीमागे लपायला लागल्या.”

“आपरेशनचा भेव वाटला,” गंगाबाई म्हणाल्या. “गाडी जासईला येनार म्हनून सकालीच पलाले. तं गाडी कलंबोलीला हजर. तुमच्या मशीनला कसा कलला?”

कीर्तीने त्यांना हात धरून आत नेलं.

पट्टी सुटल्यावर गंगाबाई सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन थेट क्लासात आल्या.

“मावशी, ती माझी चूक होती,” कीर्तीने सांगून टाकलं.

“आसूं दे. आता तुजा तोंड दिसते मना. लय उपकार झाले, पोरी.”

कीर्तीचे डोळे भरून आले. “उपकार तुमचेच. तुम्ही पळाला नसतात तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? आता नोंद तेवढी नीट करू. मालकांचं नाव सांगा.”

गंगाबाईंनी पदर तोंडाला लावला. “मी लपले ती जागा गावली तुज्या मशीनला. नाव बी त्यालाच इचार.”

कीर्तीने मधल्या नावाच्या जागी एक आडवी रेघ टाइप केली. चारही डबे भरले.